पहिल्यांदाच ट्रेकला जाताय? सुरक्षिततेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंगरातला धोका म्हटलं की डोळ्यांसमोर उभा राहतो तो उभा कडा आणि खालची दरी. नवख्यांची पंचाईत मात्र बहुतेक वेळा साध्या कारणांनी होते. निघायला उशीर झाला, पाणी संपलं, एका फाट्यावर वाट चुकली आणि मग अंधार पडला. यातली प्रत्येक गोष्ट एकटी आली तर निभावते, सगळ्या एकाच दिवशी आल्या की नाही. म्हणून खालच्या उत्तरांत घड्याळाचा विषय पुन्हा पुन्हा निघेल.

पहिला ट्रेक कसा निवडायचा?

फक्त किलोमीटर पाहू नका. सपाटीवर बारा किलोमीटर म्हणजे लांब फेरफटका, पण त्याच बारा किलोमीटरांत हजार मीटर चढ असेल तर नवख्याचा दम निघतो. एकूण अंतर, एकूण चढ आणि जमीन कशी आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहा. पहिल्या खेपेला आठ-दहा किलोमीटर आणि तीन-चारशे मीटर चढ पुरे.

काही ठिकाणी वाटांची अधिकृत प्रतवारी असते. स्विस आल्पाइन क्लबच्या प्रतवारीत टी-१ ते टी-६ अशा पायऱ्या आहेत. त्यात टी-१ म्हणजे मळलेली रुंद वाट, आणि टी-३ पासून तोल सांभाळायला अधूनमधून हात लावावा लागतो. नवख्याने पहिल्या दोन पायऱ्यांवर राहावं. प्रतवारी नसेल तर तिथे नुकत्याच जाऊन आलेल्या माणसाला विचारा. त्यातही तो त्याच मोसमात गेला होता का, हे नक्की विचारा. कोरड्या दिवसांत डोळे झाकून चढावी अशी वाट पावसात शेवाळाने निसरडी होते. आणि ‘सोपा आहे रे’ असं कोणी म्हणालं, तर तो स्वतः किती वर्षं डोंगर चढतोय तेही विचारून घ्या.

एकूण किती वेळ लागेल, हे आधी कसं ठरवायचं?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला. तो आजही वापरला जातो. दर ५ किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवायचा. नेस्मिथने तो मैल आणि फुटांत मांडला होता, हे त्याचं मीटरमधलं रूप.

समजा जाऊन-येऊन अंतर १२ किलोमीटर आहे आणि चढ ८०० मीटर. अंतराचे २ तास २४ मिनिटं, चढाचा १ तास २० मिनिटं, म्हणजे पावणेचार तासांना थोडा कमी. पण हा हिशोब सवयीच्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. त्यात पाणी प्यायला थांबणं नाही, फोटो नाहीत, सॅकच्या तळाशी गेलेली टोपी शोधणं नाही. उतरायला लागणारा जादा वेळही त्यात धरलेला नाही, आणि तीव्र उतारावर नवखा माणूस चढाइतकाच वेळ घेतो. म्हणून नवख्याने या आकड्याची दीडपट करावी आणि वर विश्रांतीचा एक तास धरावा. आपल्या उदाहरणात तो साडेसहा तासांच्या आसपास जातो.

आता हा हिशोब उलट्या बाजूने लावा. सूर्य साडेसहाला मावळणार असेल, तर पायथ्याला पाचपर्यंत पोचायचं असं धरा. म्हणजे साडेदहा ही निघायची शेवटची वेळ झाली, निघायची वेळ नव्हे. निघायचं सकाळी सातलाच. मधले साडेतीन तास वाट चुकण्यासाठी, मुरगळलेल्या पायासाठी आणि अचानक आलेल्या पावसासाठी राखून ठेवलेले आहेत. दरीत आणि दाट झाडीत सूर्यास्ताच्या बरंच आधी अंधारून येतं, हेही धरून चाला.

माथा अर्ध्या तासावर आहे आणि ठरलेली वेळ उलटून गेली. तरी परत फिरायचं?

हो.

‘अर्धा तास’ हा अंदाज दमलेल्या माणसाने केलेला असतो आणि तो जवळजवळ नेहमीच कमी असतो. शिवाय अर्धा तास वर जायचं म्हणजे तेवढंच खालीही यायचं. परत फिरायची वेळ घरीच ठरवा, सगळ्यांना सांगा आणि कुठेतरी लिहून ठेवा. माथा समोर दिसायला लागला की डोकं हवी ती कारणं काढतं, म्हणून हा निर्णय तिथे वर घ्यायला ठेवूच नये. ज्या गटात ‘मला परत जायचंय’ म्हणणाऱ्याची टर उडवली जाते, तो गट कितीही अनुभवी असला तरी माझ्या मते नवख्यांसाठी असुरक्षित आहे.

एकट्याने गेलं तर चालेल का?

सुरुवातीला नको. चौघं असलेलं सगळ्यात बरं. एकाला लागलं तर एक जण त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात, कोणालाच एकटं फिरावं लागत नाही. दोघंच असाल तर जखमीला सोडून जायचं की मदतीशिवाय बसून राहायचं, असा पेच पडतो.

पैसे भरून एखाद्या गटाबरोबर जाणार आहे. आधी काय विचारू?

किती जण येणार आणि त्यांच्यासोबत लीडर किती? सगळ्यात शेवटी कोण चालणार? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाकडे आहे? हवामान बिघडलं तर ट्रेक रद्द होतो का, आणि मग पैशांचं काय? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. रद्द करण्यात आयोजकाचं फार नुकसान असेल, तर पाऊस कितीही असला तरी ‘जाऊया, काही होत नाही’ हेच ऐकू येण्याची शक्यता जास्त.

शेवटी चालणाऱ्याला ट्रेकवाले ‘स्वीप’ म्हणतात. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही, हा नियम. आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग हाच गटाचा वेग. पुढचे थांबले, मागचे धापा टाकत पोचले आणि पुढचे लगेच उठून निघाले, हे दृश्य फार वेळा दिसतं. ज्याला विश्रांतीची खरी गरज आहे त्यालाच ती मिळत नाही.

घरी काय सांगून जायचं?

कुठे जाताय, कोणत्या वाटेने चढणार आणि कोणत्या वाटेने उतरणार, बरोबर कोण आहे, गाडी कुठे लावणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. ही शेवटची वेळ नेमकी हवी. ‘संध्याकाळपर्यंत येतो’ म्हटलं की घरचे रात्री दहापर्यंत वाट बघत बसतात आणि शोध सुरू व्हायला पुढचे काही तास जातात. मेसेज लिहून पाठवा. वाटेत बेत बदलला तर तेही कळवा, नाहीतर शोधणारे भलत्याच डोंगरावर फिरतील.

मी रोज व्यायाम करत नाही. किती तयारी हवी?

महिनाभर आधीपासून आठवड्यातून तीन-चार दिवस ४५ मिनिटं भरभर चाला आणि जिने चढा-उतरा. उतरण्याचा सरावही करा, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरण्यामुळे. शेवटच्या आठवड्यात भरलेली सॅक पाठीला लावून एकदा चाला, म्हणजे कुठला पट्टा काचतो ते कळेल. दमा, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून जा आणि गटातल्या एकाला तरी सांगून ठेवा. औषध कोणत्या कप्प्यात आहे, हेही त्याला माहीत हवं.

बूट महागच हवेत का?

महाग नकोत, पण तळ खाचांचा आणि पकड घेणारा हवा. बोटांपुढे अंगठाभर मोकळी जागा लागते, नाहीतर उतारावर नखं पुढे आपटून काळीनिळी होतात. आदल्या दिवशी नखं कापा. नवे बूट घालून थेट ट्रेकला जाऊ नका, आधी आठवडाभर घरात आणि बाहेर वापरा. वर्षानुवर्षं कपाटात पडून असलेल्या बुटांचा तळ वरून ठीक दिसतो आणि वाटेतच सुटून येतो. त्यामुळे तेही आधी घालून भरपूर चालून बघा.

चालताना टाचेवर किंवा बोटाशी चुरचुरायला लागलं की तिथल्या तिथे थांबा, मोजा काढा, त्या जागी चिकटपट्टी लावा. दहा मिनिटं जातील. फोड आल्यावर लंगडत उतरण्यात तास जातो.

कपडे कोणते घालावेत?

सुती कपडे अंगात सुखावह वाटतात, पण घामाने किंवा पावसाने भिजले की लवकर वाळत नाहीत आणि वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतात. म्हणून आत घाम सोडून लवकर वाळणारा सिंथेटिक किंवा लोकरीचा कपडा, त्यावर उबेसाठी एक थर आणि वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. जीन्स घरीच ठेवा. साधारणपणे दर १००० मीटर चढल्यावर तापमान साडेसहा अंशांनी घटतं. म्हणजे पायथ्याला गरम होतंय, हा वरच्या हवेचा पुरावा नाही. थांबलात की गार वाटायची वाट न बघता लगेच उबेचा कपडा चढवा.

सॅकमध्ये काय हवंच?

एका दिवसाच्या ट्रेकला: पाणी, लागतं त्याहून थोडं जास्त खाणं, जॅकेट, कपड्यांचा कोरडा जोड, टोपी, हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल, शिट्टी, प्रथमोपचाराची पिशवी, स्वतःची औषधं, नकाशा, चार्ज केलेला फोन, छोटी पॉवरबँक, चाकू, लायटर, आणि एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी. आधी ती सॅकच्या आत अस्तरासारखी लावा म्हणजे सामान भिजत नाही, आणि वेळ आलीच तर अंगावर ओढून वारा अडवता येतो.

दिवसा परतणार असलात तरी हेडटॉर्च घ्याच. फोनची टॉर्च तिची जागा घेऊ शकत नाही. एक हात अडकतो, आणि जो फोन मदत मागायला लागणार त्याचीच बॅटरी संपते. अंधारात अवघड जागी उतरताना दोन्ही हात मोकळे असणं म्हणजे काय, हे एकदा कपाळावर दिवा लावून चालल्याशिवाय कळत नाही.

प्रथमोपचारात क्रेप बँडेज, गॉज, चिकटपट्टी, जंतुनाशक आणि ओआरएसची पाकिटं ठेवा. जी वस्तू कशी वापरायची ते माहीत नाही, ती नुसती वाहून नेऊ नका.

पाणी किती न्यायचं?

बेताच्या हवेत, बेताच्या चढावर तासाला अर्धा लिटर धरा. कडक उन्हात जास्त. वर दिलेल्या साडेसहा तासांच्या ट्रेकला तीन लिटरांहून कमी पाणी घेऊन निघू नये. तहान लागण्याची वाट न पाहता थोडं थोडं प्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय.

मात्र नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसत राहणंही बरं नव्हे. घामावाटे मीठ जात असतं. त्यात पाणी अति झालं की रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ होते, डोकं दुखतं, माणूस गोंधळतो. जोडीला खारं काहीतरी खा किंवा ओआरएस घ्या.

वाटेतल्या झऱ्याचं पाणी पिऊ का?

स्वच्छ दिसतं म्हणून पिऊ नका. वर कुठे जनावर मरून पडलंय ते खालून दिसत नाही. पाणी खळखळून एक मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. फिल्टर किंवा क्लोरीनच्या गोळ्याही चालतात. गोळीला तिच्या पाकिटावर लिहिलेला वेळ द्या. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी मात्र क्लोरीनला दाद देत नाहीत, उकळण्याला देतात.

वीज चमकायला लागली तर काय करायचं?

पहिलं काम खाली उतरण्याचं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची तुमच्या माथ्यावरही पडू शकते. खरं तर गडगडाट कानावर पडला की मोजत बसण्याचीही गरज नाही, निघायचं.

माथा, धार, मोकळं पठार आणि एकटं झाड टाळा. उथळ गुहेच्या तोंडाशी किंवा कपारीखाली उभं राहणं सुरक्षित वाटतं, पण कड्यावरून वाहत येणारा प्रवाह तिथूनच उडी घेऊ शकतो. आडवे पडू नका, कारण जमिनीतून पसरणारा प्रवाह आडव्या शरीराला जास्त धरतो. तारेचं कुंपण, लोखंडी रेलिंग, शिडी यांपासून लांब राहा. गटाने घोळका न करता अंतर ठेवून पांगा, म्हणजे एकाला धक्का बसला तरी बाकीचे मदतीला उरतात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच पुन्हा वर जा.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावता येतो, आणि श्वास बंद असेल तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबत राहणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करायला हवा.

उतरताना सारखा पाय घसरतो. काय चुकतंय?

बहुधा तुम्ही घाबरून मागे रेलताय. मागे रेललं की वजन टाचेवर जातं, बुटाचा पुढचा अर्धा भाग जमिनीला नीट टेकतच नाही आणि टाच सुटली की बूड आपटतं. गुडघे किंचित वाकवा, वजन पायाच्या बरोबर वर आणा, पावलं लहान टाका. मुरमाड उतारावर, ज्याला ट्रेकवाले घसारा म्हणतात, पाय आडवा ठेवा आणि नागमोडी उतरा. सुट्या गोट्यावर पाय देण्याआधी तो हलतो का ते चाचपा. ओल्या पानांवर, ओल्या मुळांवर आणि हिरवट-काळ्या चकचकीत कातळावर वजन टाकू नका. वाळलेल्या गवतावरूनही पाय सटकतो, हे नवख्यांना खरं वाटत नाही.

काठी घेतली तर उतारावर ती थोडी लांब करा. गुडघ्यांवरचा भार कमी होतो.

वरून दगड निसटला तर तो लहान असला तरी लगेच मोठ्याने ‘दगड!’ म्हणून ओरडा. खालच्यांनी वर बघायचं नाही. डोकं झाकायचं आणि कातळाला चिकटायचं. अशा जागी एकाच्या बरोबर खाली दुसरा नको.

मध्येच कातळ चढायचा टप्पा आला तर?

चढण्याआधी स्वतःला विचारा की इथून उतरता येईल का. चढताना हात-पाय ठेवायच्या जागा डोळ्यांसमोर असतात, उतरताना त्या पायाखाली असतात आणि दिसत नाहीत. उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर चढू नका. तीन अवयव टेकलेले असताना चौथा हलवायचा, झाडोऱ्याला धरून शरीर वर ओढायचं नाही. तिथे आधीच लोंबकळत असलेल्या जुन्या दोराचा भरवसा धरू नका. तो किती उन्हाळे-पावसाळे तिथे आहे आणि वर कशाला बांधलाय, हे खालून कळत नाही.

ओढा भरून वाहतोय. ओलांडू का?

पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल, दगड गडगडत गेल्याचा आवाज येत असेल किंवा पाणी गुडघ्याच्या वर असेल तर नाही. खाली जवळच धबधबा असेल तर पाणी कितीही कमी असलं तरी नाही. थांबा. डोंगरातले ओढे जसे झटकन चढतात तसे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतातही. ओलांडायचंच असेल तर रुंद पात्राची जागा निवडा, तिथे पाणी पसरलेलं आणि उथळ असतं. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर ती टाकून देता येईल. बूट पायातच ठेवा, तोंड प्रवाहाकडे करा आणि काठी टेकत तिरके सरका.

फोनमध्ये मॅप आहे की. नकाशा कशाला?

जीपीएसला नेटवर्क लागत नाही, ते उपग्रहांवरून चालतं. नकाशा मात्र आधी डाउनलोड केलेला हवा, नाहीतर कोऱ्या पडद्यावर नुसता निळा ठिपका दिसत राहतो. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, कारण रेंज शोधत राहण्यात बॅटरी भराभर जाते. थंडीतही ती झपाट्याने उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. तरीही फोन पडू शकतो, भिजू शकतो, म्हणून वाटेचं कागदी चित्र सोबत असावं. फाट्यांवर मागे वळून पाहायची सवय लावा. परत येताना तीच जागा अगदी वेगळी दिसते.

वाट चुकली असं वाटतंय. आता?

थांबा. बसा, पाणी प्या, काहीतरी खा. वाट चुकल्याची शंका आल्यावर माणूस वेग वाढवतो आणि प्रत्येक पावलागणिक आणखी चुकत जातो.

मग आठवा: वाटेवर नक्की होतो अशी शेवटची जागा कोणती? ती फार लांब नसेल आणि आलेला माग ओळखू येत असेल, तर तिथवर परत जा. माग लागत नसेल तर भटकू नका. ‘पाण्याच्या कडेने उतरत गेलं की वस्ती लागते’ हा सल्ला डोंगरात विसरा. ओढा वाट काढतो ती घळीतून आणि कड्यावरून, आणि अशा जागी माणूस अडकला की वरही जाता येत नाही आणि खालीही. ढोरवाटाही फसवतात. त्या जनावरांच्या सोयीने जातात आणि कारवीत किंवा काट्यांत एकदम विरून जातात.

अंधार पडायला आला असेल तर उजेड आहे तोवर वाऱ्यापासून आडोसा शोधा, असतील ते सगळे कपडे चढवा, सॅकवर बसा आणि सकाळची वाट पाहा. रात्र अवघड जाईल, पण अंधारात कड्याच्या बाजूने चाचपडण्यापेक्षा ती बरी. सगळे एकत्र राहा.

मदत कशी मागायची?

बऱ्याच देशांत ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आहे. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी तिथे दुसऱ्या कंपनीची असेल तर तो लागू शकतो. जिथे जाताय तिथला क्रमांक निघण्याआधी पाहून ठेवा. कॉल लागत नसेल तर एसएमएस करून पाहा, कमजोर रेंजमध्येही तो कधी कधी निसटून जातो. संदेशात जागा, किती जण, काय झालंय आणि जखमी शुद्धीवर आहे का, एवढं हवंच. जागा अक्षांश-रेखांशांत द्या. दशांशचिन्हापुढे चार आकडे दिले तर दहा-अकरा मीटरांपर्यंत नेमकी जागा कळते.

फोन बंद पडला तर शिट्टी. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट शांत, मग पुन्हा सहा. हा संकेत क्लिंटन डेंट या ब्रिटिश गिर्यारोहकाने १८९४ मध्ये सुचवला आणि आल्प्समधून तो सगळीकडे गेला. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन वेळा वाजवून उत्तर द्यायचं. उत्तर अमेरिकेत मदतीसाठी तीनचा संकेत चालतो. रात्री हेच टॉर्चने करता येतं. उत्तर आलं तरी थांबू नका, शोधणाऱ्यांना दिशा तुमच्या आवाजावरूनच कळते.

बर्फ नाही, मग थंडीचा धोका कसला?

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया झाला. त्यासाठी बर्फ लागत नाही. बाहेर दहा अंश, अंगावर ओले कपडे, जोडीला वारा आणि दमलेला, उपाशी माणूस, एवढं पुरतं. ओळखायचं कसं, तर माणूस अडखळतो, अस्पष्ट बोलतो, विनाकारण चिडतो, गप्प होतो. त्याला जॅकेटची चेन लावायला सांगा. दोन-तीनदा प्रयत्न करून ती जमली नाही आणि त्याला त्याचं काही वाटलंही नाही, तर गंभीरपणे घ्या. कुडकुडणं थांबलं आणि तो तरीही गारच आहे, तर हे बरं होण्याचं नव्हे, बिघडल्याचं लक्षण आहे.

वाऱ्यातून बाजूला न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, खाली सॅक किंवा दोर अंथरा, कारण जमीन ऊब ओढते. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्या. दारू अजिबात नाही. हात-पाय चोळूही नका.

आणि उन्हाचा त्रास?

डोकं दुखतंय, घाम गळतोय, मळमळतंय, इथवर असेल तर सावली, पाणी, विश्रांती आणि परत. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि दवाखाना गाठेपर्यंत वाट पाहता येत नाही. मदत बोलवा आणि त्याच वेळी जागेवरच थंड करायला लागा. असेल ते पाणी अंगावर ओता आणि वारा घाला. अशा वेळी प्यायचं पाणी वाचवू नका.

साप चावला तर?

सापापासून दूर व्हा. त्याला मारायला किंवा पकडायला जाऊ नका. अंगठी, घड्याळ, घट्ट बूट काढा, कारण सूज येते. चावलेला भाग काठीच्या आधाराने न हलेल असा बांधा आणि माणसाला शक्यतो न चालवता, उचलून प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात न्या. दोरी आवळून रक्त थांबवणं, चिरा देणं, विष तोंडाने ओढणं, बर्फ लावणं यातलं काहीही करू नका. चावल्याची वेळ लिहून ठेवा. चालताना कपारीत न बघता हात घालू नका आणि लाकडाचा ओंडका ओलांडताना आधी त्याच्या पलीकडे बघा. बरेच दंश एवढ्यानेच टळतात.

मधमाश्या उठल्या तर?

पळा, सरळ रेषेत, चेहरा झाकून, थेट गाडीत किंवा बंद खोलीत. हात झटकू नका. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंघावत थांबतात. काटा त्वचेत राहिला असेल तर लगेच खरवडून काढा. तो राहतो तोवर विष सोडत राहतो, आणि त्याच्या वासाने आणखी माश्या येतात. चेहऱ्यावर किंवा घशाशी सूज, घरघर, चक्कर असं काही दिसलं तर ती आणीबाणी. पोळं दिसलं तर मोठ्याने बोलू नका, धूर करू नका, दगड मारणाऱ्या मित्राला आवरा. त्या दिवशी अत्तर लावू नका.

पाय मुरगळला. बूट काढू का?

चालत उतरायचं असेल तर नको. सूज चढली की बूट परत पायात जाणार नाही. लेस थोडी सैल करा, बुटावरून क्रेप बँडेज आवळा आणि काठीच्या आधाराने उतरा. बोटं बधिर होत असतील, पायाचा आकार बदललेला दिसत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर ते मुरगळणं नसावं. मग चालवू नका. डोक्यावर किंवा मानेवर पडलेल्या माणसाला उठवून बसवू नका.

उंचीचा त्रास कधीपासून होतो?

साधारण २५०० मीटरच्या पुढे. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सुरुवात. धडधाकट माणसालाही होतो. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. लक्षणं असताना वर चढायचं नाही, वाढली तर खाली यायचं. तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली न्या.

फोटो काढताना काय पथ्य?

चालताना फोटो नाही आणि फोटो काढताना चालणं नाही. कड्याकडे पाठ करून मागे सरकायचं तर मुळीच नाही.

पाळीच्या दिवसांत ट्रेक करावा का?

बरं वाटत असेल तर न करण्याचं काही कारण नाही. लागतं त्याहून जास्त सामान, वेदनाशामक गोळी आणि वापरलेलं परत आणायला घट्ट बंद होणारी पिशवी बरोबर ठेवा. थांबायला लागलं तर गटाने थांबावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घरी आल्यावर अंगाला गोचीड चिकटलेला दिसला. कसा काढू?

बारीक चिमट्याने, त्वचेच्या अगदी जवळ धरून, न पिळता सरळ वर ओढा. तेल, मेणबत्ती, जळती काडी यातलं काही लावू नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा अंगावर चट्टा उठला, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. काखेत, कानामागे, गुडघ्याच्या मागच्या बाजूला आणि कमरपट्ट्याखालीही बघा, एक सापडला की आणखी असतात.